पाणबुड्याची पोर

...आणि वर नर्सिंगच्या वर्गात मलाच विचारतात, 'वासे, तुला श्वास घ्यावासा वाटत नाही का गं?' नाही वाटत, त्याला मी काय करू? तुम्हाला सांगते, आमचे बाबा फिजीतल्या यासावा बेटांच्या समुद्रात बुड्या मारून समुद्रकाकड्या, तळाशी सरपटणारे ते मऊ प्राणी, काढायचे, मी नीट चालायच्या आधी त्यांच्या पाठीवर बसून पाण्याखाली गेलेली... पाणबुड्याची पोर ना मी! आणि आमच्या सिस्टर बिजमांचा धडा काय? तर व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या नळीतला कफ ओढताना नर्सने स्वतःचा श्वास रोखायचा. कारण तेवढा वेळ बाळालाही हवा नसते. आपला जीव कासावीस झाला की समजायचं, बाळाचाही झाला, काढ बाहेर! सोपं आहे, इथल्या सुवा शहरातल्या पोरींना! दहा म्हणायच्या आत सगळ्या फुस्स... आणि मी? सरावाच्या बाहुलीच्या घशात नळी घालून निवांत खिडकीतून बंदर बघतेय! सिस्टर हळूच म्हणाल्या, 'तू मजेत आहेस, बाई. बाळ मात्र मघाशीच गेलं.'

हसताय काय? रडले मी त्या दिवशी. खऱ्या बाळाला हात लावू देईनात ना! मग बाईंनी युक्ती काय काढावी? मला रोज तीन मजले पळवायचं आणि वर धापा टाकत पोचले रे पोचले की नळी हातात! सगळ्यांच्या देखत! वर बाई ओरडायच्या, 'पाणबुड्याची पोर आली, जिना सोडा!' मनातल्या मनात दोन भाषांत शिव्या घातल्या मी... पण हात शिकला हो.

मग एका सकाळी वॉर्डातल्या एका आईचं, मिलिकाचं बाळ, ओंजळीत मावेल एवढं, त्याची नळी तुंबली. मशीन कोकलतंय, बाळ निळं पडतंय... आणि नळी घातलेल्या बाळाला रडताही येत नाही, ठाऊक आहे? सिस्टर शेजारीच, हात पाठीमागे बांधून. म्हणाल्या, 'तू कर.' आत... ओढ... बाहेर! कफाची गाठ आली, छाती हलली, ओठ गुलाबी झाले. सिस्टर म्हणाल्या, 'आता तू घे श्वास.' श्वास कसला, हुंदकाच आला. देव त्या बाईंचं भलं करो, एवढंच म्हणते मी.

मिलिकाने मुलाचं नाव ठेवलं... माझं? छे! बिजमा! मुलगा आहे हो तो! 'ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव,' म्हणाली. बरोबरच आहे म्हणा. पण आमच्यात ज्याचं नाव दिलं त्याने मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला विणलेली चटई न्यायची असते. सिस्टरांनी घेतली केवढी, तर दोघांना उचलेना. मिलिकाचं घर टेकडीच्या माथ्यावर. आणि सिस्टर मला म्हणतात, 'वासे, तुला काय गं, पाणबुड्याची पोर तू...'

चटई पाठीवर घेऊन चढतेय. नाही म्हणायला तोंड कुठाय मला?