मोठ्या बाबाचं अळणी ताट

"मिठाबिगर जेवून दाखव बे, मंग मी बी जेवतो," मोठे बाबा म्हणाले, अन् म्या येड्यावानी हो म्हणलो. लकव्यानं त्याइचं तोंड वाकडं झालं होतं. नांदुऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब चढल्यानं झालं. भाजी-वरणात मीठ टाकू नका, नाही तं दुसरा झटका येईन."

म्या ठरवलं, दुसरा येऊच नाही द्याचा. एकाच ताटात भाकर कुस्करून जेवलो. महिन्यानं डॉक्टरनं पाह्यलं, तं दाब तेवढाच! सारे माह्यावरच घसरले, "तूच मीठ टाकलं असशीन, वांड कुठला!"

मंग म्या ताटातलं एकेक चाखलं. वरण अळणी, भाजी अळणी. नुसती भाकर चावली, तं खारट!

"मोठी माय, हे काय वं?" म्या चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मोठ्या मायले इचारलं.

"मीच टाकलं, बापा. डॉक्टरनं भाजी-वरणाचं सांगतलं, भाकरीचं नावच नाही घेतलं!"