राधाकिशनची पत्रं

—तर लिवा गुरुजी, थोरला भाऊ बंकट, एवढंच लिवा. मुकादम लिवायचं राहू द्या, वैमानिकाच्या गावात मुकादमाला कोन विचारतंय? राधाकिशनचा पुतळा सोसायटीच्या गोदामाम्होरं, स्मरणिका सोसायटीची, आन चेअरमन विठ्ठलराव परवा म्हणतेत, बंकटराव, स्टेजवर बसा, भावाबद्दल दोन शब्द बोला. काय बोलू? राधाकिशन लहानपणापासून शूर होता म्हणू? विहिरीत पोहरा पडला की त्यो काठावर उभा राहून रडायचा, उतरायचो मी. हे छापता का? न्हाई ना. मग चहा घ्या, बिनदुधाचा हाय, ढोरं छावणीवर हायत.

मला कावून वाईट वाटावं, तुमीच सांगा. माझाच भाऊ हाय — होता. पर ह्यो पाझर तलाव बघा. दोन वरसं पाऊस न्हाई, सगळं गाव दुष्काळी कामावर माझ्या हाताखाली माती टाकतंय, बाया अमेरिकेच्या मिलो ज्वारीची लाल भाकर खाऊन खडी फोडतेत, आन तलावाला नाव कोनाचं? वैमानिक राधाकिशन तलाव. त्यानं येक पाटी उचलली का? वरून बॉम्ब टाकले, मान्य हाय, दोनदा जाऊन आला, तिसऱ्या खेपेला आला न्हाई, वीरचक्र आलं. आमच्या आईनं दिल्लीला जाऊन घेतलं ते. तवापासून बाया तिच्या पाया पडतेत, आन ती बी पदकाकडंच बघत बसती. ती तापानं फणफणली तवा मी पाठीवर घालून सिरसाळ्याच्या दवाखान्यात नेलतं तिला. शुद्धीवर आली आन म्हणली, राधाकिशन आला का? मला फकस्त येकदा ऐकायचंय तिच्या तोंडून, बंकट, तू होतास म्हून. बाकी पुतळं बसवा किती बसवायचे ते.

पत्रं? हां, यायची ना पुण्याहून. आईला कुठं वाचता येतंय, मीच वाचायचो. एरवी माझ्याशी धड बोलायची न्हाई, पर पत्र आलं की बंकट, बस, वाच, आता परत वाच. माझ्या तोंडून त्याचं बोलणं, आन पदर तोंडाला लावून रडायची त्याच्यासाठी. कसं वाटंल सांगा — मग एखादी ओळ गाळायचो मी. लई काही न्हाई. त्यो लिवायचा, दादा, आईला घेऊन ये, तिला विमान दाखवायचंय, साहेबांना भेटवायचंय. ते मी वाचलं न्हाई. तीन पत्रांत होतं, तिन्ही वेळा वाचलं न्हाई. ती विचारायची, मला ये म्हणलाय का रे? मी म्हणायचो, न्हाई, कामात हाय. तिला वाटायचं, लुगड्यातल्या आईची साहेबलोकांत लाज वाटती त्याला. आन खरं सांगतो गुरुजी, त्या दिवशी माझ्या ताटात तूप जास्त पडायचं. मला वाटायचं, उन्हाळ्यात नेऊ की तिला, पुणं काय पळून जातंय. मग डिसेंबरात लढाई लागली.

हे लिवू नका. तुमच्यामाझ्यात हाय हे. पत्रं देवाऱ्यात हायत, ती हळदकुंकू लावती त्यांना, घरात वाचणारा मी येकटाच. म्हून म्हणतो, स्मरणिकेत पत्रं-बित्रं नकोत, फोटू छापा —

ही काय हायत पिशवीत? ही हळद... तुमच्याकडं कशी आली? कवा? मी सकाळी कामावर गेलतो तवा? तिनंच दिली? आन छापायच्या आदी मला वाचून दाखवा म्हणली — सगळी वाचली तुमी? पहिल्यापासून? हां, तुमी कावून गाळाल.

मग मघापासून गप ऐकत कावून बसलात बे — न्हाई, चुकलं, तुमाला बे म्हणलो. काय म्हणली ती? रडली का? शिव्या दिल्या का मला?

तारखा विचारल्या म्हणता? तीन पत्रांच्या. कोणत्या महिन्यात लिवली होती, एवढंच. लढाईच्या आदी किती महिने हातात होते, ते मोजत असंल.

निघा गुरुजी. चहा राहू द्या. आत जाऊ नका, ती जागी हाय.