दहा बाय बाराच्या खोलीतलं जर्मन

(परळच्या चाळीतली एक खोली. रविवारची दुपार. रश्मीने नुकताच लॅपटॉप मिटला आहे. तिचा नवरा संघर्ष दार आणि खिडकीच्या मध्ये फेऱ्या मारतो आहे. सासू सुंदराबाई दाराबाहेर गॅलरीत वाल सोलत बसल्या आहेत.)

रश्मी : तू आधी एका जागी टेक बघू. इंटरव्ह्यूचा कॉल माझा होता आणि घाम तुला फुटलाय.

संघर्ष : टेकतो. झाला ना पण नीट?

रश्मी : नीटच म्हणायचा. जर्मनीतल्या हॉस्पिटलच्या त्या बाई चांगल्या होत्या. हळूहळू बोलत होत्या, लहान पोराला एकेक घास भरवावा तसं. तरी माझे तळहात ओले. पेशंट कोसळला तरी माझं असं होत नाही.

संघर्ष : विचारलं काय काय?

रश्मी : नाव, गाव, कुठल्या वॉर्डला असतेस, नाइट चालेल का. मग त्यांना मागे भिंतीवर बाबासाहेब दिसले. हे कोण, म्हणाल्या. आता काय सांगू मी? एवढा मोठा माणूस आणि माझ्याकडे जर्मन केवढं, तर चमचाभर. 'हे आमचे शिक्षक' एवढंच म्हटलं. लाज वाटली रे.

सुंदराबाई : काय वाईट सांगितलंस गो? बाबासाहेबांना स्वतःला येत होतं जर्मन. ते नाय रागावायचे.

रश्मी : तुम्ही ऐकत होता वाटतं, आई.

सुंदराबाई : दार उघडं, खिडकी उघडी, मग ऐकू नको तर काय करू? कळत काय नाय मला. कुणी घसा खाकरतंय असंच वाटतं. पण बोललीस भारी. समोरच्या मालनला पण म्हटलं, बघ आमची सून कशी फाडफाड बोलते.

संघर्ष : आये, तू वाल सोल.

सुंदराबाई : सोलतेच आहे. हात चालू आहेत माझे.

रश्मी : तुला काय झालंय पण? सकाळी तर ठीक होतास.

संघर्ष : घरच्यांचं पण विचारलं ना त्यांनी?

रश्मी : विचारतातच. माझ्या क्लासमधल्या प्रितीला पण विचारलं होतं. लग्न झालंय का, घरी कोण कोण.

संघर्ष : मग तू काय बोललीस?

रश्मी : झालंय म्हटलं. नवरा एसी दुरुस्त करतो, सासू आहे. तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे घरात एसी नसतात कुणाच्या. हसलो दोघी.

संघर्ष : आणि हसून झाल्यावर?

रश्मी : हसून झाल्यावर ड्युटीच्या वेळा सांगितल्या. असा पोलिसासारखा काय मागे लागलायस? तू तर कानात घालून मॅच बघत होतास.

संघर्ष : कानात होतं. आवाज बंद होता.

रश्मी : असेल. मग?

संघर्ष : मग काय. माइन मान कॉम्ट निख्ट. इश कोमं अलाइन.

सुंदराबाई : आता हा पण खाकरायला लागला काय?

रश्मी : हे कुठून आणलंस तू?

संघर्ष : तुझ्याच तोंडून. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. माझा नवरा येणार नाही, मी एकटी येणार. चुकत असेन तर सांग, तू माझ्या पुढच्या वर्गात आहेस.

रश्मी : हळू बोल.

संघर्ष : हळूच बोलतोय. मोठ्याने बोललो तर तुला आवडेल काय?

रश्मी : तुझ्या वर्गात म्हणजे? संघर्ष, तुला कसं कळलं हे?

संघर्ष : शिकलो. तुझी अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा तो एजन्सीवाला काय बोलला होता? नवऱ्याला मागून न्यायचं असेल तर त्याने पहिली परीक्षा पास व्हायला पाहिजे. तू हसलीस. म्हणालीस, याला मराठीत एक वाक्य सरळ बोलता येत नाही, हा काय जर्मन बोलणार. लागलं ना ते मला. शनिवारी सर्व्हिसिंगचे कॉल असतात सांगतो ना तुला? कॉल नसतात. दादरला क्लास असतो.

रश्मी : दर शनिवारी?

संघर्ष : दर शनिवारी. सगळी कॉलेजची पोरं. मला काका म्हणतात, वैताग आहे नुसता. बाइकवर हेल्मेटच्या आत बोलत जातो. प्रभादेवीला एका गच्चीवर आउटडोअर युनिट खोलत होतो आणि तोंडाने आपलं चालू, इश बिन, दू बिस्ट. तर घरातली म्हातारी लिंबूपाणी घेऊन आली. तिला वाटलं ऊन लागलं कारागिराला.

रश्मी : मला सांगितलं का नाहीस?

संघर्ष : पास झाल्यावर सांगणार होतो. म्हणजे सांगणारच नव्हतो, सरळ बोलायलाच लागणार होतो. तू चपात्या लाटत असताना मागून जर्मनमध्ये मीठ मागणार होतो. तुझं तोंड बघायचं होतं मला. बघितलं आज, दुसऱ्याच कारणाने.

रश्मी : ऐक जरा. तू पण शिकतोयस, तर तुला कळायला पाहिजे. आपल्याला सगळं कुठे बोलता येतं? जेवढं येतं तेवढंच बोलायचं असतं. आमच्या मॅडम तर सरळ सांगतात, खरं काय ते नका शोधत बसू, येतं ते बोला. म्हणून वर्गात सगळ्यांना पोहायला आवडतं. मी कधी पाण्यात पाय तरी घातलाय का? तरी माझा छंद पोहणं.

संघर्ष : माझा पण पोहणंच आहे.

रश्मी : बघ. तसंच झालं हे. आईंना कुणाकडे ठेवायचं, रिडेव्हलपमेंटला बिल्डिंग पाडली की कुठे राहायचं, तुझं काम, हे सगळं त्या बाईंना समजावणं जमणार होतं का मला? तोंडात आलं ते बोलून मोकळी झाले.

संघर्ष : माइन मान कॉम्ट श्पेटर.

रश्मी : काय?

संघर्ष : नवरा नंतर येईल. एवढंच बोलायचं होतं. तू बोललीस तेवढेच शब्द लागतात, एक फक्त वेगळा.

रश्मी : नाही आठवला तो शब्द ऐन वेळी. घाबरले होते मी.

संघर्ष : रश्मी, प्रितीचा फोन आला की तू रोज तेच म्हणतेस. श्पेटर, श्पेटर. नंतर बोलते. मी तो शब्द क्लासमध्ये नाही शिकलो, तुझ्याकडूनच उचलला.

रश्मी : फिरणं बंद कर रे. डोकं गरगरतंय माझं.

संघर्ष : माझं थांबलंय, म्हणून पाय चालवतोय.

सुंदराबाई : भांडताय की काय रे?

संघर्ष : नाय आये. अभ्यास चाललाय.

सुंदराबाई : मग चालू द्या.

रश्मी : आठवला होता तो शब्द.

संघर्ष : हां.

रश्मी : जिभेवर होता. दोन्ही होते. त्या बाई बघत होत्या माझ्याकडे, घाई नव्हती त्यांना. मी मुद्दाम दुसरा घेतला. आणि बोलल्यावर मला भीती नाही वाटली, संघर्ष. बरं वाटलं. वॉर्डमधून सुटून बूट काढल्यावर पायांना वाटतं तसं.

संघर्ष : माझं काय चुकलं ते तरी सांग. पितो मी? हात उचललाय कधी? तुझा पगार विचारलाय?

रश्मी : नाही. उचलला असतास तर सोपं गेलं असतं. सगळी चाळ माझ्या बाजूने उभी राहिली असती. आता मी कुणाला काय सांगू? नवरा चांगला आहे, सासू जीव लावते, आणि मला इथून पळायचंय. बोलून बघ हे गॅलरीत. वेडी ठरवतील मला.

संघर्ष : मग कारण काय? कारण असेल ना काहीतरी.

रश्मी : भायखळ्याला आम्ही सात जणं एका खोलीत. मी दाराशी झोपायचे, रात्री जो उठेल त्याचा पाय माझ्यावर. मग नर्सिंगचं हॉस्टेल, एका खोलीत चौघी. मग इथे. आपलं लग्न झालं तेव्हा मध्ये पडदा लावला, आई बिचाऱ्या रोज बाहेर निजायला जायच्या, आणि सकाळी सगळ्या गॅलरीला माहीत की म्हातारी बाहेर का झोपली. मला रडायचं असेल तर मी नळ सोडून रडते. मम्मीशी बोलायचं असेल तर जिन्यात जाते, तिथे मालनताई असतात.

संघर्ष : हे सगळ्यांचंच आहे. माझं पण आहे.

रश्मी : असेल. तू कधी बोलला नाहीस, मी पण नाही. मग ते जर्मन सुरू झालं. पहिल्या महिन्यातच मला कळलं की इथे कॉटवर बसून मी वाट्टेल ते बोलू शकते आणि कुणाला ओ की ठो कळत नाही. सराव म्हणून मी काय काय बोललेय माहितीये? तुझ्या तोंडावर. आईंच्या तोंडावर. मी दमलेय. मला खोली पाहिजे. मला एक दार पाहिजे. तुम्ही दोघं म्हणायचात, चांगलं बोलतेय हां.

संघर्ष : ते ऐकलंय मी.

रश्मी : काय ऐकलंयस?

संघर्ष : ते खोली पाहिजे, दार पाहिजे. मला वाटलं धडा आहे. घराचा धडा असतो ना, दार, खिडकी, टेबल, खुर्ची. तू म्हणायचीस तसं तुझ्या मागून मी मनात म्हणायचो. मला दार पाहिजे, मला दार पाहिजे. पाठ झालंय माझं.

रश्मी : अरे देवा.

संघर्ष : आता तो कशाला.

रश्मी : हसवू नकोस. एक जागा होती माझी या घरात, तिथे पण तू येऊन बसलास.

संघर्ष : तुझ्यासाठी आलो.

रश्मी : तेच तर. कुणावर राग काढू मी?

संघर्ष : काढ माझ्यावर. पण एक सांग. एक वर्ष पाहिजे? दोन? तिकडे तुझी तू राहा, दार लाव, झोप. मी इथे पास होऊन थांबतो. मग बोलाव.

रश्मी : तारीख नको मागूस. तारीख दिली की पहिल्या दिवसापासून मी ती मोजत बसेन, आणि तू पण.

संघर्ष : म्हणजे बोलावशील की नाही तेच माहीत नाही.

रश्मी : तू क्लास सोडू नकोस.

संघर्ष : क्लास घेऊन काय करू? बोलू कुणाशी?

रश्मी : मला नाही माहीत.

संघर्ष : त्या बाईची आणि तुझी आज पहिली भेट. तिला तू सांगून टाकलंस. चार वर्षं माझ्या शेजारी झोपतेस, मला नाही सांगितलंस. तिकडच्या भाषेत येतं ते इकडच्या भाषेत का येत नाही?

रश्मी : कारण तिकडच्या भाषेत माझ्याकडे तेवढेच शब्द आहेत. एकटी म्हटलं की एकटी. वाक्य संपलं, बाई म्हणाल्या छान, पुढचा प्रश्न. इकडे एकटी म्हणून बघ. मागोमाग मम्मी येते, दादा येतो, विहारातल्या बायका येतात, नवऱ्याला टाकून गेली, पोर नाही ना म्हणून गेली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाकीचे पुरं करतात.

संघर्ष : आता इथे कोणी नाही. मी एकटाच आहे, आणि मी मध्ये बोलत नाही. बोल मराठीत.

रश्मी : कळलंय ना तुला. कशाला परत?

संघर्ष : नाही कळलं. शब्द कळले. मघापासून मनात म्हणतोय, साला आपलं जर्मन कच्चं आहे, आपणच काहीतरी उलटं लावलं असेल. तू मराठीत बोललीस की मग मला पळवाट राहणार नाही.

रश्मी : आई बाहेर आहेत.

संघर्ष : माझ्यापुरतं बोल.

रश्मी : मला एकटीला जायचंय. तू माझ्या मागून येऊ नकोस. पुढचं मला खरंच माहीत नाही.

संघर्ष : हां.

रश्मी : ऐकलंस ना?

संघर्ष : ऐकू आलं. थांब थोडं.

सुंदराबाई : वाल झाले माझे. चहा टाक गो रश्मी, तिघांचा. आणि काय गो, ती बाई याला कधी बोलावणार म्हणाली? तुझ्या मागोमाग, की थोडं थांबून?

रश्मी : संघर्ष...

संघर्ष : आयेला तू सांग. मला ते अजून जर्मनमध्येच बोलता येतं.