शेवटच्याले रस्ता

आमचे बाबा मोबाइलवर गेम खेळले, हे सांगितलं तं तुम्ही हासान. माही बायको डिलिव्हरीले आत गेलती अन् बाबा दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालून मलेच चक्कर आणून राह्यलते. शेवटी मी त्यायच्या हातात तो जुना गेम देला. वरून राक्षसायच्या रांगा उतरतात, खालून आपण तोफ डागाची.

बोरी अरबच्या वावरात जन्मभर रानडुकरं हाकललेला माणूस, धडाधड मारत सुटला. राक्षस जितके कमी होतात, तितके उरलेले जोरात पळतात, सारी मजा तिथंच आहे. शेवटी एकच राह्यला, अन् बाबानं तोफ बाजूले घेतली.

"बाबा, मारा ना त्याले!"

"कायले? एकटा पडला, घाबरला, म्हणून पळून राह्यला. डुकराचंही असंच असते. शेवटच्याची वाट अडवली का अंगावर येते."

"अहो, तो अंगावरच येऊन राह्यला!"

"येऊ दे. रस्ता द्या लागते त्याले."

तो सरळ खाली उतरला. गेम खलास. मी डोक्शाले हात लावला, तेवढ्यात दार उघडून नर्स म्हणे, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

बाबानं मोबाइल माह्या हातात ठेवला.

"पाह्य, रस्ता देला तं आली का नाही!"