नाव माहीत नसलेली कादंबरी

नाही हो ताई, नाव माहीत असतं तर तुम्हाला एवढा त्रास दिला असता का? नाव नाही, लेखक नाही, प्रकाशन नाही — गोष्ट तेवढी माहीत आहे. हसा, हसा, हे माझं चौथं दुकान. कोर्टासमोर ते म्हातारे गृहस्थ आहेत ना, ते माझ्यासाठी शिडीवर चढले आणि वरून विचारतात, "मुखपृष्ठाचा रंग तरी?" मी म्हटलं, निळा असावा. तर म्हणाले, "साहेब, अर्धं दुकान निळं आहे." दुसरीकडे नवरा-बायको दोघं बसतात, ते शोधता शोधता आपसातच जुंपले — तू कुठे ठेवलंस, मी कुठे ठेवलं — मी हळूच सटकलो. तिसरं तळघरात. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर 'घर सोडून गेलेली बाई' असं घातलं, तर एकशे चाळीस पुस्तकं निघाली! मोठ्या चकचकीत दुकानांत मी जात नाही. तिथे कोणी काही वाचलेलं नसतं. तुमच्यासारख्यांकडे निदान विचारता येतं, हे कसंय, ते कसंय... या स्टुलावर बसलो तर चालेल? गुडघे बोलतात. बत्तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली, त्यातली निम्मी वाकून.

खरं सांगू? मी वाचणाऱ्यातला नव्हेच. वाचायची ती आमची ही. ही आणि मुलगी. मुलगी लांब असते, लग्नाला नऊ वर्षं झाली — दर रविवारी दोघींचा फोन, तासतासभर. मी शेजारी पेपर घेऊन बसलेला. कानावर यायचं, अमकीने तमक्याला सोडलं, धाकटा दारू प्यायला लागला — मी पेपर खाली ठेवायचो, कोण आपल्यातलं? — मग कळायचं, कादंबरी! ही गेली तीन वर्षांपूर्वी आणि फोन माझ्या वाट्याला आला. आता बाप-लेकीने बोलायचं काय? "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले." "तब्येत?" "बरी." संपलं. चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून बघितलंय ताई. आणि मग पुढचा रविवार येईपर्यंत घरात आवाज म्हणजे फ्रिजचा आणि माझ्या चपलांचा. मग एकदा हिच्या उशाशी राहिलेलं पुस्तक उचललं. दोन भाऊ घरात मधोमध भिंत घालतात, वीस वर्षं बोलत नाहीत, पण रात्री भिंतीतून एकमेकांचं खोकणं ऐकतात — एखाद्या रात्री ऐकू आलं नाही की चैन नाही! ते मुलीला सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही वाचलंत?" त्या दिवशी फोन चोवीस मिनिटं चालला. चोवीस! तेव्हापासून मी दुकानं फिरायला लागलो. आत्ता एका नर्सची वाचतोय, ती आजारी माणसाच्या नावाने त्याच्या बायकोला पत्रं लिहिते — छान आहे, पण त्यातला एकजण तिसऱ्या मजल्यावरून उडी मारतो आणि चालत घरी जातो. मी इतके मजले बघितलेत, मला कोण सांगणार?

हां, तर ही कादंबरी. मुलगी वाचतेय ती. तिनेच सांगितली, थोडी थोडी, पाच रविवार. एक बाई असते. नवरा मारत नाही, पीत नाही, बाहेरची भानगड नाही — फक्त बोलत नाही. फ्रिजवर चिठ्ठ्या लावतो. 'दूध आण.' 'उद्या माणसं येणार.' ती सकाळी उठून आधी फ्रिज वाचते. एकदा ती तापाने फणफणलेली, उठून बघते तर चिठ्ठी — 'खोकला आवर, झोप होत नाही.' काय लिहिलंय! मी विचारलं, लेखक कोण गं? तर म्हणाली, "कोणी नवीनच आहे, बाबा." पुढे ती घर सोडते. एक बॅग आणि एक इस्त्री. इस्त्री का उचलली ते तिचं तिलाच कळत नाही. चपलांच्या दुकानावर खोली घेते, रबराचा वास, खिडकी लागत नाही. आणि माहेरी कळवत नाही. मी म्हटलं, हे काही पटत नाही, माहेरी का नाही सांगत? तर म्हणाली, "बाप एकटाच असतो ना तिचा. त्याला कुठे त्रास द्यायचा."

मग परवाच्या आदल्या रविवारी विचारते, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, तिने काय करावं?" आता मला कोण मत विचारतं हो? सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा विचारत नाहीत. मला जरा चढलंच. म्हटलं, मुकाट्याने परत जावं. चिठ्ठ्यांनी कोणी मरत नाही. म्हटलं, असल्या बाया पुस्तकातच बऱ्या, खरी असती तर बापाला तोंड दाखवायला जागा उरली नसती — अहो, पुस्तकाबद्दलच चाललं होतं ना! ती नुसतं "हं" म्हणाली. मग म्हणाली, गॅसवर काहीतरी आहे, ठेवते. परवाच्या रविवारी फोन नाही. मी केला, उचलला नाही. मेसेज आला, 'कामात आहे.' म्हटलं, रुसली. तिच्या आवडत्या पुस्तकाला मी नावं ठेवली. म्हणून म्हटलं आपण पूर्ण वाचून काढू, शेवट बघू, आणि सांगू, बाई गं, तू म्हणतेस तसंच आहे, चांगली आहे.

थांबा, एक खूण सांगतो, त्यावरून नक्की ओळखाल. ती नवी नोकरी धरते, तिथे लिफ्ट बंद पडते, चौथ्या-पाचव्याच्या मधे. बाकीचे दार ओढायला लागतात. ही म्हणते, दाराला हात लावू नका, खाली बसा, घंटा दाबा आणि शंभर मोजा. म्हणते, लिफ्ट अशी पडत नसते, दोर सहा असतात, त्यातला एकटाही सगळ्यांना पेलतो. शंभर टक्के बरोबर! लेखकाने चौकशी करून लिहिलंय. अगदी याच शब्दांत मी घरी सांगायचो — पोरगी सात वर्षांची होती, लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही, तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन — सहा दोर असतात, त्यातला एकटाही —

...

नाही, काही नाही. पाणी नको.

ताई, तुम्ही माझ्याकडे अशा का बघताय? केव्हापासून अशा बघताय? ... चिठ्ठ्यांपासून? मग बोललात का नाही? मी आपला तुम्हाला रंगवून रंगवून सांगतोय, आणि तुम्ही — नाही, तुमची काय चूक. पाच रविवार. पोरगी माझ्या कानात ओरडत होती आणि मी विचारतोय, लेखक कोण. ताप आला होता तिला. आणि मी म्हणालो, चिठ्ठ्यांनी कोणी मरत नाही. मीच म्हणालो.

चष्मा... हा इथेच आहे. फोन. आज बुधवार, कामावर असेल. असू दे. वाजतोय. उचलणार नाही ती, का उचलेल —

हॅलो? मी. नाही, तब्येत बरी आहे. नाही गं, पडलो-बिडलो नाही. पुस्तकांच्या दुकानात आहे. हो, तीच शोधत होतो... नाही मिळाली. ऐक. त्या दिवशी मी जे बोललो ना, ते चुकलं माझं. चूक म्हणजे साफ चूक. तिने परत जायचं नाही. अजिबात नाही. आणि बापाच्या तोंडाचं काय करायचं ते बाप बघेल. पत्ता दे मला. त्या खोलीचा. मी येतोय.

ताई, पेन. — आणि तुम्ही जरा तिकडे जाल का? दुकान तुमचंच आहे, कळतंय मला, पण जा.

हां. आहे मी. नाही, कोणी नाही शेजारी. आधी रडून घे. पत्ता मग सांग.