डब्यावर कोरलेली दोन नावं

माहं माहेर बाभुळगाव तालुक्यातलं. गावाचं नाव नाई सांगत, लोकं लगेच वळखतात अन् मंग बाबाले पारावर विचारतात, तुमच्या पोरीनं काय काय सांगतलं म्हणून. आमचं सहा एकर वावर, पऱ्हाटी म्हणजे कपाशी अन् तूर, एखाद्या साली सोयाबीन. बाबा चौथी शिकले, माय शाळेत गेलीच नाई, अन् मी वनिता, बी.ए. हे बी.ए. मी कोणी नाई विचारलं तरी सांगते. काहून का माहेरी अन् सासरी, दोन्ही घरांत कॉलेजात जाऊन पास झालेली मीच पहिली. त्याची मले लाज नाई, गर्व आहे, लिहा तसंच.

बारावी झाली अन् लग्न झालं, सासर कळंबचं. आमच्याकडं सून घरात आली का ताटात तांदूळ पसरवतात अन् नवरदेव अंगठीनं त्या तांदळात तिचं नवं नाव लिहिते. साऱ्या बाया वाकून वाचतात, हसतात, पेढे वाटतात, अन् दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खीर होते. माहं नाव निघालं प्रियांका. नवऱ्याले आवडत होतं म्हणून. मीबी वाकून वाचलं, मले बरंच वाटलं, खोटं कायले सांगू, वनितापेक्षा ते नवीन होतं. पण आता तुमीच पाहा, नाव लिहिलं, वाचलं, अन् खाऊनबी टाकलं. कागदावर कुठंच काही नाई. तवा कोणाच्या डोक्यात येते हे!

माह्या सासूचं नाव सुभद्राबाई. सासरे माह्या लग्नाच्या आधीच वारले होते, घर तिनंच चालवलं. शाळेत एक दिवस गेली नाई, पण महिन्याभरातच म्हणे, तुह्यी बारावीची मार्कशीट दाखव. मी दाखवली. तिनं ती उलटीच धरली, मी सरळ करून दिली तं म्हणे, हे इतके आकडे म्हणजे चांगले का वाईट? मी म्हटलं, चांगले. मंग घरी बसून काय करतं, म्हणे, जाय कॉलेजात, भाकरी मी थापतो. नवरा कुरकुरला, तं त्याले म्हणे, तुले दोनदा बसून बारावी नाई निघाली, तू बोलू नको. अशी बाई. मी कळंबातच कॉलेजात जाऊ लागली. कॉलेजात बारावीच्या कागदावरचं नाव चालते, म्हणून तिथं मी वनिता, घरी आली का प्रियांका. आधार कार्ड तवाच निघालं, ते सासरच्या नावानं निघालं. दोन नावांत माणूस कसं राह्यते म्हणता? राह्यते, काही जड जात नाई. सकाळी एक लुगडं, वावरात दुसरं, तसंच.

अभ्यास करता करता मी तिले सही शिकवली. सु काढायलेच तिले आठ दिवस लागले. राशनच्या दुकानात पह्यल्यांदा सही केली तवा घरी येऊन मले म्हणे, त्यानं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केलता, मी मांग लोटला.

बी.ए. पास झाली तवा ती बाजारात गेली अन् स्टीलचा मोठा डबा घेऊन आली, झाकणाचा, पायलीभर दाळ मावते असा. भांड्याच्या दुकानात मशीननं नाव टाकून देतात ना, ते टाकून आणलं. दुकानदारानं विचारलं का बाई, कोणतं नाव टाकू, तं ही म्हणे, पास झाली ते वनिता अन् माह्या घरात आहे ते प्रियांका, दोन्ही टाक. असं त्याच्यावर लिहिलं आहे, वनिता ऊर्फ प्रियांका, बी.ए. पास, सासू सुभद्राबाईकडून. आमच्या गल्लीतल्या बाया महिनाभर तो डबा पाहाले येत होत्या.

मंग मले एका जिनिंगमध्ये काम लागलं, काट्यावर, कापसाच्या गाड्या येतात त्यांच्या वजनाच्या पावत्या कॉम्प्युटरवर काढायच्या. आधारवर प्रियांका म्हणून तिथंबी प्रियांका. दोन वर्षं केलं. अन् तेवढ्यात नवऱ्यानं, जो कामाले पुण्यात गेलता, त्यानं तिथंच दुसरं घर मांडलं. त्याचं जास्त सांगत नाई, सांगण्यासारखं त्याच्यात काई नाई. पाच वर्षं सासरी काढली अन् बैठक बसून फारकत झाली. फारकतीच्या कागदावर बाबानं अडून बसून लिहून घेतलं, आमची वनिता. प्रियांका लिहू दिलं नाई. मी निघाली तवा सासू म्हणे, भांडे घेऊन जाय, तुह्ये आहेत. मी काहीच नाई घेतलं. आमच्याकडं असंच समजतात ना, सासरचं सासरी सोडून यायचं, तवा मी जोडवे काढले, पोत ठेवली, डबा ठेवला अन् नावबी तिथंच उंबऱ्यात ठेवलं. आधार शाळेच्या दाखल्यावर परत वनिता करून घेतलं, जुनं कार्ड फाडून टाकलं अन् वाटलं, झालं, पुसलं.

तीन वर्षं माहेरी वावरात राबली, शिकवण्या घेतल्या, परीक्षा देल्या. मंग यवतमाळात एका विमा कंपनीच्या ऑफिसात जागा निघाली, लोकांच्या कागदांची तपासणी करायची. इंटरव्यू चांगला झाला, निवड झाली, म्हणे आता फक्त तुमची पडताळणी होईन, फॉर्म भरा. त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, याआधी वापरलेलं दुसरं कोणतंही नाव. मी लिहिलं, लागू नाही. अन् जिनिंगच्या नोकरीचंबी लिहिलं नाई, ते लिहिलं तं नाव सांगा लागलं असतं, अन् नाव सांगतलं तं फारकत. काय सांगू तुमाले, मले ते खोटं वाटलंच नाई. ते नाव माहं नव्हतंच, सासरच्याहिनं देलतं, मी परत केलतं. असंच मी समजून होती.

आठ दिवसांनी नागपूरहून, पडताळणी करणाऱ्या ऑफिसच्या मॅडमचा फोन. मी अंगणात तुरीच्या शेंगा निवडून राह्यलती. मॅडम म्हणे, वनिताताई, प्रियांका कोण आहेत? माह्या हातातल्या शेंगा हातातच राह्यल्या. म्हणे, तुमच्या आधार नंबरवर पीएफचं जुनं खातं निघालं आहे, दोन वर्षांची नोकरी आहे, नाव प्रियांका आहे, अन् तुमी तं लिहिलं लागू नाही. आता पाहा, नाव बदललं तरी नंबर कुठं बदलते! मॅडम वाईट नव्हत्या, आवाज चढवला नाई त्याहिनं. म्हणे, लग्नाचं नाव असलं तं त्याच्यात काही वावगं नाही, निम्म्या बायकांचं असते, पण लपवलं का मंग आमाले प्रश्न पडते. दोन्ही नावांची बाई एकच आहे असा नोटरीचा कागद सोमवारपर्यंत द्या, नाही तं मले ही जागा दुसऱ्याले द्या लागीन.

तो दिवस गुरुवार. बाभुळगावात वकिलाकडं गेली तं ते म्हणे, लग्नाची नोंद आहे का? नाई. पत्रिका? पत्रिकेवर वनिता. फारकतीवर? वनिता. मंग प्रियांका नाव ठेवलं कुठं, म्हणे. मी म्हटलं, तांदळात. वकील चष्मा काढून माह्याकडं पाहातच राह्यले. म्हणे, बाई, ते नाव ज्या घरानं ठेवलं त्या घरचं कोणी साक्षीले आण, म्हणजे कागद पक्का होते.

घरी बाबा म्हणे, नोकरी गेली तं गेली, त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाई. सकाळी मायनं माह्या पिशवीत भाकर बांधून ठेवली. तेवढ्यावर मी समजली.

कळंबात उतरली अन् देवळाच्या रस्त्यानं चालत गेली. सासू दारातच बसून होती, लसूण सोलत. मले पाह्यलं, उठली नाई. म्हणे, चतुर्थीले देवळात येत असशीन ना या तीन वर्षांत? माह्या दाराहून जात असशीन. मी म्हटलं, हो आई, दोनदा गेलती. म्हणे, मले मालूम आहे, मी इथंच बसून असतो. मी जमिनीवर बसली अन् सारं सांगतलं, फॉर्म, रकाना, मी काय लिहिलं ते. ती लसूण सोलतच होती. मंग हात थांबवून म्हणे, म्हणजे तू त्या कागदावर लिहिलं का प्रियांका नावाची कोणी नव्हतीच?

मी खाली पडलेली लसणाची टरफलं गोळा करू लागली.

म्हणे, मंग मी पाच वर्षं हाक कोणाले मारत होती? भाकरी कोणाच्या थापल्या? पोरानं माह्या वाईट केलं, ते त्याचं. पण ज्या नावानं हाक मारून मी तुले कॉलेजात पाठवलं ते नाव तू काहून पुसलं वो?

मी तिथं रडली, पोटभर रडली, नवऱ्यासाठी कधी तेवढी रडली नव्हती. तिनं रडू देलं. मंग पाणी आणून देलं अन् म्हणे, झालं का? कोणत्या गाडीनं जायचं?

आत जाऊन तिनं तो डबा काढला. रोजच्या वापरातच होता. त्याच्यातली दाळ परातीत ओतली, डबा पदरानं पुसला, पिशवीत घातला. मी म्हटलं, आई, डबा कायले, तुमची साक्ष पुरते. म्हणे, मी अडाणी बाई, माह्यं कोण ऐकते, डब्यावर लिहून आहे. बसमध्ये मांडीवर घेऊन बसली, कंडक्टर म्हणे, मावशी, डब्यात काय आहे? तं ही म्हणे, सून आहे. सारी गाडी हसली, मीबी हसली.

वकिलाच्या टेबलावर तिनं तो डबा ठेवला अन् म्हणे, वाचा साहेब, जोरानं वाचा. वकिलानं वाचलं, वनिता ऊर्फ प्रियांका, बी.ए. पास. मंग परत एकदा मनात वाचलं, त्याहिचे ओठ हालत होते. म्हणे, बाई, तीस वर्षं वकिली केली, असा पुरावा पह्यल्यांदा पाह्यला. कागद तयार झाला, मुन्शीनं शाईचा डबा तिच्यापुढं सरकवला. तिनं तो मांग लोटला. सही करतो, म्हणे. किती वेळ लागला म्हणता! मी, वकील अन् मुन्शी, आम्ही तिघं जण तिच्या पेनाकडं पाहात बसलतो, अन् ती एक एक अक्षर लावत होती, शेवटचा काना वाकडा गेला, पण सुभद्राबाई पुरं लिहिलं.

तो कागद अन् माह्यं एक पत्र मी ईमेलनं पाठवलं. पत्रात लिहिलं का नाव लपवलं ही माही चूक, कोणाच्या सांगण्यावरून नाई, माह्याच मनानं. डब्याचा फोटोबी जोडला. त्याहिनं तो पाह्यला का नाई, मालूम नाई. सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला. म्हणे, वनिताताई, फॉर्म दुरुस्त करून पाठवा अन् जिनिंगची दोन वर्षं अनुभवात लिहा, त्याचा तुमाले फायदा होईन. ज्या दोन वर्षांले मी लपवलं, त्याचाच फायदा! मले हुंदका आला, मॅडमच म्हणे, ठेवा, ठेवा, नंतर बोला.

आता दोन वर्षं झाली मी त्या ऑफिसात आहो. यवतमाळात खोली घेतली. लोकांच्या कागदांवर दोन दोन नावं येतात, बायांचीच जास्त. एखादी बाई खाली मान घालून म्हणते, मॅडम, ते माहेरचं, हे सासरचं, अन् हे मधातलं. मी म्हणतो, सारे लिहा ताई, एकबी सोडू नका, मी बसली आहे इथं.

डबा माह्याकडं आहे. वकिलाच्या ऑफिसातून निघालो तवा सासू मले परत कळंबले घेऊन गेली, म्हणे, आमच्यात रिकामं भांडं देत नाई, अन् परातीतली दाळ परत भरून देली. घरी नेला तं बाबानं झाकण उघडलं, दाळ पाह्यली, मंग बाहेरची अक्षरं बोटानं चाचपली, चौथीपर्यंतचं वाचन त्याहिचं, हळूहळू वाचलं. अन् दिवाळीले त्याहिनंच विचारलं, कळंबच्या बाईले फराळ पाठवला का?

मी महिन्यातून एकदा जातो, चतुर्थीले. आता दाराहून पुढं जात नाई. दुरूनच हाक येते, प्रियांका आली काय वो, अन् मी ओ देतो. देवानं त्या बाईचे हात धड ठेवावे, डोळे धड ठेवावे. दाळ सरली का तीच भरून देते, तो डबा तिनं अजून रिकामा होऊ देला नाई.