गंगाक्काची बस

हसू नका, पण माझं पहिलं ऑनलाइन कौन्सेलिंग जांबोटीच्या बसस्टॉपवर झालं. मच्छे गावातल्या कंपनीत साहेबानं सगळ्यांसमोर झापल्यापासनं मला वाटायचं, आपण कशाच्याच कामाचे न्हाय. कौन्सेलिंगवाल्या मॅडमनी बजावलं होतं, एकांतात बसा. पण आमच्याकडं रेंज येते ती फक्त स्टॉपवर. त्यात इअरफोन घरी राहिलेला. शेजारची गंगाक्का खानापूरच्या बसची वाट बघत मागंच बसलेली.

मॅडम म्हणाल्या, "स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांगा."

मी रस्त्यावरचे खड्डे मोजाय लागलो.

"सांग की रं!" गंगाक्का म्हणाली. "माझा पाय मोडलता तवा महिनाभर माझ्या म्हशीची धार कोण काढत होतं?"

मॅडम दचकल्या. "कोण आहे तिथं?"

"शेजारीण हाय मी. लिहून घ्या, बाई."

आणि ती सुरूच झाली. ऐकताना मलाच वाटलं, हा माणूस बरा दिसतोय की! तेवढ्यात बस आली. आक्कानं कंडक्टरला हातानंच 'जा' म्हणून सांगितलं. दुसरी बस थेट संध्याकाळी.

कॉल संपला. आक्का पिशवी उचलून घराकडं निघाली, आणि वळून म्हणाली, "पुढच्या बुधवारी किती वाजता हाय रं? अजून निम्मं सांगायचं राहिलंय."